बेलेनच्या दुकानातला राजमा

दुइतामा गावापासून सोआतापर्यंतच्या डोंगरी रस्त्यावर कुठल्याही दुकानात शिरताना बेलार्मिनो सिपागाउता आधी पाठ ताठ करायचा. आत कुणीतरी ओळखीचं असणारच, हे त्याला ठाऊक असायचं. "अरे, चाक्या आला रे!" अशी हाक यायची, बिअरची बाटली पुढे सरकायची, आणि तो लाजल्यासारखं करत बसायचा. खरं तर त्याला ते फार आवडायचं.

तरुणपणी तो सायकलच्या शर्यतींत उतरायचा, पण जिंकायला नव्हे. संघाच्या म्होरक्याला पाणी नेऊन द्यायचं, त्याच्यापुढे राहून वारा आपल्या अंगावर घ्यायचा, हे त्याचं काम. एकदा घाटाच्या उतारावर म्होरक्याचं चाक फुटलं. बेलार्मिनोनं स्वतःचं चाक काढून त्याला दिलं आणि गारांच्या माऱ्यात एका चाकाची सायकल धरून संघाच्या गाडीची वाट बघत उभा राहिला. म्होरक्या जिंकला. त्याचं नाव आज कुणी घेत नाही, बेलार्मिनोला मात्र 'चाक्या' हे नाव कायमचं चिकटलं.

मी त्याला ओळखायला लागलो तेव्हा त्याचे केस पिकले होते आणि गुडघा गेला होता. मुलींच्या एका लहानशा संघात मी सायकली दुरुस्त करायचो, तो मुलींच्या पायांना मालीश करायचा आणि त्यांच्या खाण्यापिण्याचं बघायचा. शर्यतीत आज या गावात तर उद्या त्या गावात. तो व्हॅनमधून छोटी शेगडी काढून भात टाकायचा, गुळाचं पाणी उकळायचा, पेरूच्या वड्या कापून कागदात गुंडाळायचा. आमचा खर्च एक दूध डेअरी करायची. म्हणून आमच्या सगळ्यांच्या जॅकेटवर पाठभर एक ठिपक्यांची गाय होती.

त्या मोसमात येराल्दीन पुलिदो संघात आली. ठेंगणी, रुंद खांद्यांची, चढावर कुणाला न ऐकणारी. पहिल्याच दिवशी ती बेलार्मिनोला म्हणाली, "काका, एक सांगायचंय. मी मांस खात नाही. दूध, लोणी, चीज, अंडं, यातलंसुद्धा काही नाही."

"कोंबडी?"

"काका!"

"बरं बरं. पण का गं? डॉक्टरांनी सांगितलं का?"

"नाही. आमच्या घरी वासरं बाजारात विकायला न्यायचं काम माझ्याकडे असायचं," ती म्हणाली, आणि बुटांचे पट्टे आवळायला लागली. पुन्हा त्यावर ती कधी बोलली नाही, आणि त्यानंही विचारलं नाही.

प्रशिक्षकांना आम्ही मास्तर म्हणायचो. मास्तर हसले, म्हणाले, "डेअरीच्या संघात हीच यायची राहिली होती! बेलार्मिनो, हे तुझं खातं. पोरगी चढावर पळते, तिला काय लागतं ते शोधून आण."

शोधायला म्हणून तो आधी मला घेऊन दुइतामाच्या बाजारात गेला, तिथंच त्याचं तोंड पोळलं. खाटकाच्या गाळ्यावरचा एर्मोहेनेस त्याचा जुना दोस्त. त्यानं नेहमीप्रमाणे बरगड्या तोडायला घेतल्या. बेलार्मिनो म्हणाला, "आज नको. सोयाबीनचं दूध कुठं मिळतं रे?"

एर्मोहेनेसनं सुरा खाली ठेवला. वाकून बेलार्मिनोच्या पाठीवरच्या गाईकडे बघितलं. मग अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडला, "ऐका हो! चाक्या म्हातारपणी गवत खायला लागला! पेंढी बांधून देऊ का रे?"

सगळे हसले. भाजीवाल्या बायकासुद्धा. बेलार्मिनोही हसला, पण कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. त्या माणसानं जन्मभर दुसऱ्यासाठी पाणी वाहिलं होतं, पण त्याच्यावर कुणी असं हसलं नव्हतं. परत येताना व्हॅनमध्ये तो म्हणाला, "यापुढे बाजारातलं सामान तू आण. मला गुडघ्यामुळे जमत नाही." गुडघ्याचा काही संबंध नव्हता, हे मला कळलं होतं.

सोगामोसोत ओतिलियाबाईंचं दुकान होतं, हे त्याला येराल्दीननंच सांगितलं. बाई अ‍ॅडव्हेंटिस्ट या मांस टाळणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या, शनिवारी दुकान बंद. सुके सोयाचे वडे, गव्हाच्या सत्त्वाची 'मटणं', शेंगदाण्याचं लोणी, सोयाचं दूध, यकृतासाठी आणि झोपेसाठी औषधी पाल्यांच्या पुड्या, असं सगळं एका अरुंद खोलीत छतापर्यंत रचलेलं. बेलार्मिनो तिथं दुपारी, रस्ता ओस पडला की जायचा.

"जॅकेट उलटं घातलंत तुम्ही," पहिल्यांदाच बाई म्हणाल्या.

"थंडी आहे."

"उलटं घातलं की जास्त ऊब येते का?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता सोयाचे वडे तोलायला घेतले. "प्रवासात हे सगळं पुरणार नाही तुम्हाला. गावागावात विचारावंच लागेल. एक लक्षात ठेवा. 'मांस आहे का' असं विचारू नका. लोक नाही म्हणतात, आणि ते खोटंही बोलत नसतात. राजमा डुकराच्या हाडाबरोबर शिजवून हाड काढून घेतलं की त्यांच्या मते मांस संपलं. 'कशात शिजवलंय' असं विचारा. मक्याच्या आरेपा-भाकरीचं पीठ मळताना चीज घातलं का, पावात चरबी आहे का, असं एकेक विचारा."

"लोकांना वाटेल, कुठला चोंबडा आलाय."

"वाटू दे की. विचारायला लाज कसली?"

बाईंनी त्याला धडा चांगला दिला, आणि परक्या गावात तो त्याला जमलाही. चिकिंकिराला चरबी न घालणारा पाववाला त्यानं हुडकून काढला. राकिरात एका म्हातारीकडे शेंगदाण्याची गुळातली चिक्की मिळाली, तर पिशवीभर आणली. एका गावात तर तो सरळ कुणाच्या तरी स्वयंपाकघरात शिरून तेलाची बाटली बघून आला. आला की येराल्दीन विचारायची, "विचारलंत ना, काका?" आणि तो छाती काढून म्हणायचा, "विचारलं." ती मग पुढचं काही न विचारता खायची. त्या पोरीचा त्याला फार लळा लागला होता.

फक्त ओळखीच्या गावात त्याची जीभ उचलायची नाही. तिथं तो ओतिलियाबाईंच्या दुकानातलं सामान खोक्यात भरून न्यायचा आणि त्यावर भागवायचा. त्यामुळे काही अडलं नाही. अडलं ते बेलेनला.

बेलेन त्याचं जन्मगाव. डोंगरातल्या मोठ्या शर्यतीत शेवटच्या टप्प्याच्या आदल्या दिवशी आमचा मुक्काम तिथं होता. व्हॅनमधलं सामान उतरवताना कळलं, ते खोकं आधीच्या हॉटेलच्या फ्रिजमध्ये राहिलंय. भरायचं काम बेलार्मिनोचंच होतं. तो मला म्हणाला, "कुणाला सांगू नकोस. मी आणतो काहीतरी," आणि मला बरोबर घेऊन निघाला.

चौकाच्या कोपऱ्यावर रोसाल्बाबाईंचं दुकान. पुढे किराणा, मागे दोन टेबलं, चुलीवर दोन-तीन पातेली. बाजाराचा दिवस होता. टेबलांवर लोकरीचे रुआना पांघरलेले म्हातारे बिअर पीत बसले होते, त्यातले निम्मे तरी त्याच्याबरोबर सायकल चालवलेले. तो दारात दिसताच ते उठून टाळ्या वाजवायला लागले.

"चाक्या! बस, बस! दोन्ही चाकं घेऊन आलास ना?"

"या, सुमर्से," गावाकडच्या आदराच्या शब्दानं हाक मारत रोसाल्बाबाई हात पुसत पुढे आल्या. "गावची लेकरं शर्यत बघायला उद्या रस्त्यावर उभी राहणार आहेत. काय देऊ तुम्हाला?"

मी त्याच्याकडे बघत होतो. त्यानं विचारायला तोंड उघडलं. मागून फेलिसियानो नावाचा एक जण म्हणाला, "बाई, त्याला विचारून द्या हां! दुइतामाच्या खाटकानं सांगितलंय, हा हल्ली गवत खातो म्हणे."

पुन्हा तेच हसू. आता ते बेलेनपर्यंत पोचलं होतं.

"कोण म्हणतो?" बेलार्मिनो मोठ्यानं बोलला. "राजमा द्या, बाई. त्या पातेल्यातला. आणि ते मक्याचे उंडे द्या, पानातले."

रोसाल्बाबाईंनी डबा भरून राजमा दिला, मक्याच्या पानात उकडलेले उंडे कागदात बांधून दिले. तो एक बिअर उभ्यानं प्यायला, दोन जणांच्या पाठीवर थाप मारली आणि बाहेर पडला. पातेल्यात चरबीचे थेंब तरंगत होते. मला दिसले, म्हणजे त्यालाही दिसले असणार. त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि उत्तर आलं असतं तर तो डबा उचलता आला नसता.

हॉटेलवर मी सायकलीची साखळी धुवायला पाणी घ्यायला गेलो, तर बेलार्मिनो हात धुवायच्या बेसिनवर राजमा चाळणीत घालून नळाखाली धरत होता. दाणा न दाणा चोळत होता. म्हणाला, "खारट झालाय." मग त्यानं त्यावर मीठ आणि कोथिंबीर घातली.

येराल्दीन टेबलावर बसली. दमली होती, ओठ फुटले होते. तिनं उंड्याचं पान सोडलं, वास घेतला.

"विचारलंत ना, काका?"

"विचारलं."

तिनं सगळं खाल्लं. बोटानं ताटली पुसून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या चढावर ती सुटली ती सुटलीच. दुइतामाच्या चौकात दुसरी आली, आणि अख्ख्या शर्यतीत तिसरी. आमच्या संघाला असं यश कधी मिळालं नव्हतं. मास्तर रडले. स्थानिक रेडिओवाल्यानं तिच्या तोंडापुढे माइक धरला. तिनं आईचं नाव घेतलं, मास्तरांचं घेतलं, आणि मग म्हणाली, "आणि आमचे बेलार्मिनोकाका. मी खाते तसलं अन्न या रस्त्यावर मिळत नाही असं सगळे म्हणायचे. काका प्रत्येक गावात, प्रत्येक दुकानात जाऊन विचारतात. काल बेलेनला, त्यांच्या स्वतःच्या गावातसुद्धा, विचारून आणलं. त्यांनी हो म्हटलं की मी डोळे मिटून खाते."

बेलार्मिनो तिच्या शेजारीच होता, तिचा टॉवेल धरून. लोकांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. तो हसला नाही. टॉवेल माझ्या हातात देऊन तो व्हॅनमध्ये जाऊन बसला आणि डोकं दुखतंय म्हणाला. तिथंही दुसऱ्या संघातली एक मुलगी खिडकीशी आली. "काका, मलापण सांगा ना, कुठल्या गावात कुठलं दुकान ते. मीही सोडायचं म्हणते." त्यानं तिला ओतिलियाबाईंच्या दुकानाचा पत्ता सांगितला, पाववाल्याचा सांगितला. हे सगळं सांगताना तो व्हॅनच्या फरशीकडे बघत होता.

सोमवारी आम्ही संघाच्या घराच्या अंगणात सायकली धूत होतो. येराल्दीन दोरीवर मोजे वाळत घालत होती. फाटक वाजलं. रोसाल्बाबाई उभ्या होत्या, बाजारचा चांगला घोळदार झगा, डोक्यावर हॅट, हातात फडक्यात बांधलेलं पातेलं. सकाळच्या बसनं बेलेनहून आल्या होत्या.

"ती पोरगी कुठाय?" त्यांनी विचारलं. येराल्दीन पुढे झाली, तसं बाईंनी पातेलं खाली ठेवलं आणि तिचा हात धरला. "पोरी, मी काल रेडिओ ऐकला. मला माफ कर गं. मला ठाऊकच नव्हतं. त्या राजम्यात डुकराचा पाय होता. उंड्यात चीज होतं, लोणीही होतं. मला झोप नाही लागली. तू श्रद्धेनं पाळतेस आणि माझ्या हातून तुला हे खायला घातलं गेलं."

अंगणात नळ तेवढा वाहत होता. मी तो बंद केला.

"घरात उकडलेले बटाटे होते की," बाई पुढे बोलतच होत्या, "वालाचे हिरवे दाणे होते. आम्ही रोज तेच खातो. तेच दिले असते. म्हणून हे आणलेत. नुसतं मीठ घातलंय, बघ, दुसरं काही नाही."

येराल्दीनचा चेहरा पांढरा पडला होता. तरी तिनं बाईंचा हात सोडला नाही. "तुमची काय चूक, आजी? पण काकांनी विचारलं होतं ना तुम्हाला? तेव्हा 'त्यात काही नाही' असं म्हणालात का तुम्ही?"

रोसाल्बाबाईंनी बेलार्मिनोकडे बघितलं. तो सायकलीच्या स्टँडला धरून उभा होता. त्याला बोलायला वेळ होता. मी बघत होतो, त्याला भरपूर वेळ होता, आणि तो बोलला नाही. बाईंना सगळं उमगलं असावं. त्या त्याला लहानपणापासून ओळखत होत्या. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाल्या, "विचारलं असेल. गर्दी होती गं. मला ऐकू कमी येतं हल्ली. माझ्याच ध्यानात आलं नसेल."

तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही.

"नाही," तो म्हणाला. आवाज फाटला होता. "बाईंना चांगलं ऐकू येतं. मी विचारलंच नव्हतं."

"काका?"

"मला दिसत होतं काय आहे ते. खोकं मी विसरलो होतो. दुकानात सगळे बसले होते, हसत होते. मला लाज वाटली."

येराल्दीन त्याच्याकडे वळली. मग हळू आवाजात तिनं विचारलं, "कशाची? माझी?"

 'नाही' म्हणावं तर ते खोटं झालं असतं, आणि त्या पोरीशी आणखी एकदा खोटं बोलायची त्याच्यात ताकद नव्हती. तो रडायला लागला. मोठ्या माणसाला अंगणात उभ्यानं रडताना बघणं फार वाईट. मी तोंड फिरवलं.

येराल्दीननं पातेलं उचललं, बाईंना आत नेलं, दोघींनी स्वयंपाकघरात बसून बटाटे आणि वालाचे दाणे खाल्ले. आम्हाला कुणी बोलावलं नाही.

मास्तरांना कळलं तेव्हा ते खो खो हसले. "म्हणजे डुकरानंच तिसरी आणली तिला! अरे, आधी का नाही सुचलं?"

"मास्तर, हसू नका," बेलार्मिनो म्हणाला. त्यानं गाईचं जॅकेट घडी करून टेबलावर ठेवलं, व्हॅनची किल्ली त्यावर ठेवली. मास्तरांनी ती परत त्याच्या खिशात घातली. राजम्यासाठी नोकरी सोडणारा गाढव आपण पाहिला नाही, म्हणाले. तो राहिला. मला वाटतं, राहणं त्याला जास्त जड गेलं.

येराल्दीन रागावून बोलली नाही, भांडली नाही. पण उरलेला मोसम तिनं स्वतःची शेगडी घेतली आणि स्वतः दुकानांत जाऊन स्वतः विचारून आणलं. पायांना मालीश त्याच्याकडूनच करून घ्यायची, 'धन्यवाद' म्हणायची. 'काका' म्हणणं तिच्या तोंडून हळूहळू गेलं. मोसम संपल्यावर ती आंतिओकियातल्या एका मोठ्या संघात गेली. जाताना तिनं आम्हा सगळ्यांना मिठी मारली, त्यालाही मारली. त्यानं हात उचललेच नाहीत, शिक्षा झाल्यासारखे खाली धरून ठेवले.

ती गेल्यावर एका बाजाराच्या दिवशी तो मला घेऊन बेलेनला गेला. रोसाल्बाबाईंच्या दुकानात तेच म्हातारे, तीच टेबलं. तो बसला नाही. उभ्यानंच त्यानं सगळं सांगितलं, तुमच्या हसण्याला भिऊन मी पोरीला फसवलं, असं स्पष्ट सांगितलं. फेलिसियानो हसला. बाकीचेही थोडं हसले. बिअरचा एक घोट घेईपर्यंत ते हसणं टिकलं. मग कुणीतरी म्हणालं, "सांगायचं होतंस की रे, आमची सूनपण तसलंच खाते," आणि बोलणं बटाट्याच्या किडीवर गेलं. परतीच्या रस्त्यावर तो एवढंच म्हणाला, "बघितलंस? एवढ्याशा हसण्यासाठी!" आणि पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिला, मी गप्प राहा म्हणेपर्यंत.

पुढच्या वर्षी सोआताच्याही पलीकडे, मालागाला शर्यत होती. मी आणि तो केळी आणायला एका लहान दुकानात शिरलो, तर आत येराल्दीन उभी. नव्या संघाचं जॅकेट, केस कापलेले. ती दुकानदाराला विचारत होती, मसूर कशात शिजवलाय, फोडणीला लोणी आहे का. दुकानदार वैतागून उत्तरं देत होता. बेलार्मिनो दारातच थबकला. तिनं वळून बघितलं, जरा हसली, विचारलं, "कसे आहात?"

"बरा आहे. तू?"

"मजेत."

दुकानदारानं दोघांकडे बघितलं. "एकत्रच बांधू का?"

"नाही," ती म्हणाली, "वेगवेगळं."

तिनं मसुराचा डबा घेतला, आम्हाला हात केला आणि गेली. आम्ही केळी घेतली. बेलार्मिनोनं घडातलं एकेक केळं दाबून बघितलं, पिकलेली वेगळी केली, आणि मग दुकानदाराला म्हणाला, "तिला उत्तरं देताना एवढं तोंड वाकडं करायचं कारण नव्हतं."

"मी काय वाईट बोललो?" दुकानदार म्हणाला.

"काही नाही," बेलार्मिनो म्हणाला, आणि केळ्यांचा घड खांद्यावर घेऊन व्हॅनकडे निघाला.